हिरव्या नंबर प्लेटची भाऊबीज

माझ्या धाकट्या भावाने मला भाऊबीजेला विजेवर चालणारी गाडी दिली होती. दिली होती की नव्हती, हाच तर आता प्रश्न आहे, पण त्या दिवशी मला काही शंका नव्हती. मी त्याला ओवाळलं, त्याने खिशात हात घातला आणि ताम्हनात नोटेऐवजी किल्ली ठेवली. खाली, आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीच्या आवारात, झेंडूची माळ घातलेली पांढरी गाडी उभी होती आणि तिला हिरवी नंबर प्लेट होती. गाडी येणार हे मला ठाऊक होतं, कर्जाच्या सह्या मीच केल्या होत्या. तरी मी रडले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, माझ्या खिडकीसमोर मुलं रडकुंडीला येतात असा माझा लौकिक आहे, पण त्या दिवशी भावजयीला माझे डोळे पुसावे लागले.

रडण्याचं कारण गाडी नव्हतं. आमचं माहेर रोडपालीच्या बाजूचं. वडिलांची भातशेती कॉलन्या वसवायला गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, आणि वडील गेल्यावर मी हक्कसोड केली, म्हणजे बापाच्या मालमत्तेतला माझा वाटा भावाच्या नावे सोडून दिला. आमच्यात सगळ्याच बहिणी सोडतात. जी सोडत नाही तिला माहेरी कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. आईनेच मला सांगितलं होतं, "बाय, सही करून टाक, दादल्याचं घर चांगलं हाय तुजं." भावाने कागद पुढे केला, मी सही केली. वाचला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचून चुका काढणारी मी, पण भावाने दिलेला कागद बहिणीने वाचायचा नसतो. वाचला म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो. त्या सहीचं मला वाईट वाटलं नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. किल्ली ताम्हनात पडली तेव्हा कळलं की वाटलं होतं. मला वाटलं, त्यालाही ते कळलं असणार, म्हणूनच त्याने ही गाडी माझ्या नावावर घेतली.

दिवाळीच्या आधी तो घरी आला होता. "ताई, यंदा तुला गाडी देतो. तुज्याच नावावर. कर्ज तुज्या नावावर, हप्ते माजे." विजेच्या गाडीला रोड टॅक्स माफ होता. बाईच्या नावावर कर्ज घेतलं तर बँक व्याज थोडं कमी लावत होती. शिवाय अशा कर्जाचं व्याज इन्कम टॅक्समध्ये वजा करून मिळत होतं आणि त्या सवलतीची मुदत संपत आली होती. हे सगळं त्यानेच मला समजावून सांगितलं. त्याची घाई चालली होती. ती घाई मी प्रेमाची समजले.

मग मी गाडी शिकले. शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, गिअर नाही, क्लच नाही, ही तर खेळण्यातली आहे." खेळणं असेल, पण तीच गाडी घेऊन मी आईला आपट्याला नदीवर नेलं, तिथे आम्ही दोघींनी काठावर बसून भजी खाल्ली आणि येताना मी हायवेवरच्या ट्रकवाल्याला शिवी दिली. आई म्हणाली, "आता तुला गाडी आली." इतकी वर्षं नोकरी केली, फ्लॅट घेतला, तोही नवऱ्याच्या नावावर. गाडीवर मात्र माझं नाव होतं. मी आर.सी.चं कार्ड पर्समध्ये लायसन्सच्या पुढे ठेवत असे, म्हणजे पर्स उघडली की आधी तेच दिसावं.

सोसायटीत मात्र तिच्यावरून रामायण झालं. आमच्या सेक्रेटरींनी त्याच सुमारास हायब्रिड गाडी घेतली होती, म्हणजे पेट्रोलही पिते आणि अधूनमधून बॅटरीवरही चालते. तिला ना हिरवी प्लेट, ना टॅक्स माफ. त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते मीटिंगमध्ये बाहेर पडलं. मी पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागितला, तर त्यांनी त्यावर दरमहा वेगळी फी सुचवली. "मॅडम, आमचीही निम्मी विजेवरच चालते, पण आम्ही टॅक्स पूर्ण भरला. तुम्ही काय, सरकारचे जावई!" मी म्हटलं, "सरकारचं काही घेतलं नाही मी. माझ्या भावाने दिली आहे." सगळे हसले, फी मंजूर झाली. मीटर माझ्या नावाचा, बिल मी भरणार, वर फीही मीच भरणार. मी खुशीने भरली. भावाने एवढी गाडी दिली, तिला पाजण्याचा खर्च मी करू नये?

तेव्हापासून भाऊ घरी येऊ लागला. आधी तो वर्षातून एकदा येई, तेही ओवाळून घेण्यापुरता. त्याचा धंदा प्लॉटचा आणि भरावाचा, दिवसभर फिरती. "ताई, आज गाडी जरा नेतो, डिझेल परवडत नाय," म्हणत तो सकाळी यायचा, मी ऑफिसला निघायच्या आधी. मी चहा टाकायची. चहाबरोबर दोन गोष्टी व्हायच्या: भावजयीचं गुडघ्याचं दुखणं, आईची औषधं, कोणाच्या जमिनीला काय भाव आला. संध्याकाळी तो गाडी आणून लावायचा आणि वायर जोडून जायचा. आठवड्यातून दोन दिवस, मग तीन, मग शनिवार-रविवार सोडून रोज. नवरा एकदा म्हणाला, "बॅटरी आपल्याकडे भरते आणि पळते त्याच्याकडे." मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, तुम्हाला बहीण नाही, तुम्हाला काय कळणार. खरं सांगायचं तर मला गाडीपेक्षा त्या चहाची सवय झाली होती. तो येतो म्हणून मी चांगले कप बाहेर काढले होते.

मग सरकारने द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना टोल माफ केल्याची बातमी आली. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, गाडी चार दिस इकडं ठेवतो. घाटावर जमिनीचं काम निघालंय, रोज जावाचा हाय. टोल माफ झालाय, आयकलंस ना?" ऐकलं होतं. घोषणा झाली तरी सुरुवातीला टोल कापलाच जात होता, आणि काचेवरचा फास्टॅग माझ्या बँक खात्याला जोडलेला असल्यामुळे तो माझ्याकडून कापला जात होता. परत मिळेल म्हणाला. मी म्हटलं, राहू दे रे.

चार दिवस संपून गेले. पार्किंगमधली माझी जागा रिकामी होती, वायर भिंतीला गुंडाळलेली होती, आणि फी चालूच होती. सकाळचा चहा बंद झाला. फोन केला की तो म्हणे, "घाटात हाय, मंग बोलतो." सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की मुद्दाम विचारायचे, "मॅडम, गाडी माहेरी गेली वाटतं?" मी हसून मान हलवायची आणि घरात येऊन भांडी आपटायची. शेवटी एका रविवारी मी रिक्षा केली आणि माहेरी गेले. मला फक्त गाडी आणायची होती. भांडायला गेले नव्हते.

बंगल्याच्या अंगणात गाडी उभी होती, धुऊन पुसून. आणि तिच्या शेजारी भिंतीवर नवाकोरा चार्जर बसवलेला होता. चार दिवसांसाठी कोणी भिंतीला भोकं पाडत नाही.

भाऊ बाहेर आला. माहेरी गेले की माझीही बोली बदलते.

"यो कधी बसवला?"

"झालं पंधरा दिस. दर टायमाला तुज्याकडं येवाचा म्हंजे खोटी होते."

"मंग गाडी माज्याकडं कधी येनार?"

"तुला कशाला लागते? कालेज तुजं हाकेवर हाय."

"माजी गाडी हाय ती."

"तुजीच हाय. नाय कोन बोलतंय? कागदावर तुजंच नाव हाय ना?"

मी विचारलं, तुला वापरायचीच होती तर माझ्या नावावर का घेतलीस. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो मला लहान मुलीला समजवावं तसा समजवायला लागला. त्याचा धंदा कागदावर दिसत नाही, बँक त्याला दारात उभी करत नव्हती. माझा पगार पक्का. बाई म्हणून व्याज कमी. "दुसऱ्या कोनाच्या नावावर घेतली अस्ती तर महाग पडली अस्ती, ताई. तूच सांग, तू आफिसातली हायस, तुला हिशोब कळतो."

"मंग ताटात किल्ली कशाला ठेवलीस?"

"त्या दिशी भाऊबीज व्हती ना. मंग किल्ली कुठं ठेवाची?"

त्याला वाटलं मला पटलं. तो आणखी म्हणाला, "आनि तुला काय भेटला नाय असा थोडी हाय? त्या व्याजावर तुला टॅक्समदी सूट भेटली. ती कोनी घेतली? तूच ना? ती तुजी भाऊबीज."

ती सूट मी घेतली होती. हप्ते तो भरत असला तरी कर्ज माझं होतं, ऑफिसात कागद लावताना मी सगळ्यांना पेढे दिले होते. म्हणजे माझ्या भावाने मला जे दिलं असं मी सांगत फिरत होते, ते सरकारने दिलं होतं. रोड टॅक्स सरकारने सोडला, व्याज बँकेने कमी केलं, इन्कम टॅक्स सरकारने सोडला, आणि माझ्या भावाने त्यात काय घातलं, तर किल्ली. तीही परत घेतली. मला इतका अपमान वाटला की कानशिलं तापली. सवलतीसाठी बाई लागत होती आणि घरात मी फुकट होते.

"किल्ली दे," मी म्हटलं.

त्याने किल्ली आणून दिली, अगदी शांतपणे. "ने. पन हप्ते पन ने मंग. कर्ज तुज्याच नावावर हाय."

"नेते."

"ताई, इच्चार कर."

मी म्हटलं, विचार आधी करायला हवा होता, आता काय करायचाय. भावजय आत निघून गेली. मी गाडीत बसून काच खाली केली तेव्हा आई ओट्यावरून उतरून आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं ती आता त्याला दोन शब्द सुनावेल. ती काचेला हात टेकून म्हणाली, "बाय, कशाला हट्ट करतंस? त्याला पुन्याला जावाचा असते."

"आई, त्याने गाडी माज्या नावावर कशापायी घेतली, तुला म्हाईत व्हता?"

"व्हता की."

"ओवाळलं त्या दिशी?"

"त्याच्या आदीपासून." मग माझा चेहरा बघून तिने माझ्या हातावर हात ठेवला. "मीच त्याला बोलली, घे तिच्या नावावर. जमिनीत तुजं नाव नाय ऱ्हायला. म्हनलं, कशावर तरी लागू दे."

भावाचं बोलणं मी घेऊन घरी जाऊ शकले असते. तो व्यापारी माणूस, त्याने व्यापार केला. पण भाऊबीजेच्या दिवशी आई माझ्याच घरी खुर्चीत बसून मला रडताना बघत होती, आणि मी कशासाठी रडतेय हे त्या घरात फक्त तिलाच कळत होतं. तरी ती हसत राहिली. मी तिचा हात बाजूला केला आणि काच वर घेतली.

गाडी आता माझ्याकडे आहे. हप्ते माझ्या पगारातून जातात, आणखी काही वर्षं जातील, मग फिटतील. रविवारी आईचा फोन येतो. मी तो नवऱ्याकडे देते.