विजयमालाताईंचं मार्जिन

खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत विजयमालाताईंचं पायाचं मशीन चालायचं. आजेसासरे बडोदे सरकारच्या फौजेत शिपाई, आणि नातसून बायकांचे ब्लाउज शिवते. "तलवार गेली, कात्री राहिली," असं त्याच सांगायच्या आणि दातांत टाचणी धरून हसायच्या.

त्यांचा एक हट्ट होता. आत दोन बोटं कापड सोडल्याशिवाय ब्लाउज शिवायचाच नाही. कडेला तीन शिलाया. बाई अंगानं भरली की एक उसवायची, ब्लाउज सैल. ह्या सोडलेल्या कापडाला त्या मार्जिन म्हणायच्या. मी चोपड्याकडच्या खेड्यातला, कारखान्यात फिटर. पंचवीस वर्षं बडोद्यात काढली, तरी तोंडातलं खानदेशी 'भो' गेलं नाही. मला मार्जिन म्हणजे शाळेच्या वहीतली तांबडी रेघ ठाऊक. गोत्री भागात घर बांधलं तेव्हा बिल्डर म्हणाला, कंपाउंडला लागून मार्जिन सोडा. तिथं आम्ही कढीपत्ता लावला. व्यापाऱ्याच्या तोंडचं मार्जिन निराळंच.

सत्त्याण्णव साली माझ्या बायकोच्या, वसुंधरेच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "मार्जिन क्लिअर आहे." मी विचारलं, कसलं मार्जिन? मग त्यांनी सांगितलं, गाठीभोवतीचं थोडं चांगलं मांसही काढून तपासतात. ते निरोगी निघालं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून दोन चहा प्यालो.

पण ऑपरेशनमुळं पुढं हात सुजला. डावा दंड उजव्याच्या दीडपट. आठ ब्लाउजांतला एकही चढेना. वसुंधरा जवळच्याच अकोट्याच्या बालमंदिरात शिकवायची, आणि रजा रविवारी संपत होती. गुरुवारी तिनं कागद पुढं केला.

"राजीनामा आहे. देऊन या. मॅक्सी घालून जाऊ का पोरांपुढं?"

मी कागद खिशात घातला आणि शोरूममधून सगळ्यात मोठ्या मापाचा तयार ब्लाउज आणला. हात बाहीत गेला, पण खांदे कोपरापर्यंत उतरले. आरशात बघून ती म्हणाली, "शेतात उभी करा मला. एक चिमणी दाण्याला शिवणार नाही."

शनिवारी ताईंनीच शिवलेला तिचा जुना निळा ब्लाउज घेऊन मी ताईंकडे गेलो.

"नुसता ब्लाउज काय आणता, भाऊ? बाई आणा ने!"

"ती उंबऱ्याबाहेर पडत नाही, ताई."

"मग मी येते. स्कूटर काढा."

घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं. मी बाहेर उभा, बोलणं ऐकू येत होतं; बाकीचं रात्री वसुंधरेनं सांगितलं.

"दोन हातांना एकच माप घ्यायचं कुणी सांगितलं? डावा वेगळा, उजवा वेगळा. लाजता काय? माझ्या एका गिऱ्हाइकाचा एक खांदाच खाली आहे, ती गरब्यात पहिला नंबर काढते."

त्यांनी डाव्या बाहीतल्या तिन्ही शिलाया उसवून अगदी कडेला नवी घातली. बाही पुरली, पण काखेत अजून चार बोटं कमी पडली. मग खालची पट्टी उलगडली. तिथंही त्यांनी कापड दुमडून ठेवलेलं होतं. त्यातून चौकोनी तुकडा कापला आणि काखेत बसवला.

"ह्याला चौबगळा म्हणतात. आजेसासऱ्यांच्या अंगरख्याला होता. मी तो उसवून बघितला होता. तलवार उचलायची तर काख मोकळी पाहिजे ने!"

टाके हातानंच घातले. आत डाव्या बाजूला, छाती भरलेली दिसावी म्हणून, मलमलीची घडीही शिवली, हे मला फार नंतर कळलं.

"हात वर करा."

"दुखतो हो."

"दुखू दे. ब्लाउज ओढतो का, ते सांगा."



"नाही ओढत," वसुंधरा म्हणाली.

सोमवारी ती निळी साडी नेसून रिक्षात बसली. राजीनामा माझ्या शर्टाबरोबर धुतला गेला.

डॉक्टरांनी बायको वाचवली, त्यांचे उपकार आहेतच. पण तिला घराबाहेर काढलं ते ताईंनी, आणि हे मी कुणालाही सांगतो. त्यांनाच सांगायला गेलो, तेव्हा त्या दारातल्या उजेडाकडे सुई धरून बसल्या होत्या. मी सुरुवात केली, "ताई, तुमच्यामुळं..."

"भाऊ, बाजूला व्हा. उजेड अडतोय. आणि उरलेले सात ब्लाउज कधी आणताय?"