फुलांपाशी थांबणारा माणूस

दत्ताराम शिगवण आणि फुलं यांचा आजवर काही संबंध आला असेल तर तो गणपतीच्या हारापुरताच. चिपळूणकडचा हा माणूस, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला उभा जन्म काढलेला. रस्त्याने चालायचा तो असा, की बायको मनोरमा पिशव्या सांभाळत मागे आणि हा पुढच्या नाक्यावर. "अहो, जरा थांबा की," हे तिचं लग्नापासूनचं पाठ वाक्य.

मग हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी आरामात फिरा, टेन्शन घेऊ नका. झालं. इंद्रलोक भागातल्या घरून दोघं रोज फिरायला निघू लागली आणि स्वारी एकदम निसर्गप्रेमी झाली. सोसायटीच्या कुंपणावर गोकर्ण दिसली, थांबला. बँकेसमोर बहावा, थांबला. गटाराच्या कडेला घाणेरीचं टिचभर फूल, तिथेही थांबला. "बघ गं, एकाच झुबक्यात पिवळा नि गुलाबी." मनोरमाने वाकून पाहिलं तर खरंच होतं तसं. इतकी वर्षं याच रस्त्याने भाजी आणली, कधी दिसलं नव्हतं. पुण्याहून लेकीचा, संचिताचा फोन आला की ती कौतुकाने सांगे, "बाबा मजेत आहेत. फुलं बघत फिरतात."

पण फूल बघणारा माणूस फुलाकडे बघतो. हा भिंतीला हात टेकायचा. एक दिवस मनोरमाच्या ते लक्षात आलं. विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मग तीच पुढे होऊन फुलं शोधू लागली. "अहो, तगर बघा किती फुललीय," म्हणायचं आणि त्याच्या छातीचा भाता शांत होईपर्यंत पाकळ्या न्याहाळत राहायचं. फुलं जवळजवळ भेटली की तिला हायसं वाटे. नुसता सिमेंटचा रस्ता आला की जीव टांगणीला.

आज मेट्रोच्या कामाचे पत्रे लागतात तिथे दत्ताराम थांबला. कपाळावर घाम, एक हात विजेच्या खांबाला.

"बघ," तो म्हणाला, "काय सुंदर फुललंय."

समोर निळे पत्रे होते, दूरवर नुसते पत्रेच.

मनोरमाला हो म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. "अहो, इथे काहीच नाहीये."

तो खांबाला धरूनच खाली बसला. "माहितीये मला. तू घाबरशील म्हणून..."

ती कधीपासून घाबरलेलीच होती. तिने रिक्षाला हात केला. "भैया, हॉस्पिटल. जल्दी चलो." त्याला धरून आत बसवलं आणि लेकीचा नंबर लावला.

"तिला आत्ता काही सांगू नको," दत्ताराम डोळे मिटून म्हणाला. "फिरायला आलोय म्हण."

पलीकडून फोन उचलला गेला.

"संचिता," मनोरमा म्हणाली, "बाबांना दम लागतोय गं. बरेच दिवस लागतोय, आणि मला माहीत होतं."