डिस्कची ऊठबस

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फाईलताई म्हणतात. कागदाच्या फायली जाऊन दहा वर्षं झाली, पण नाव काही पुसलं गेलं नाही. मी तळमजल्यावर चष्मे बसवतो. माझ्या काउंटरच्या मागेच त्यांची खोली, मधे फळ्यांची पातळ भिंत. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला आपसूक ऐकू येतं, आणि उरलेलं मी कान देऊन ऐकतो.

त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात सर्व्हर आहे, म्हणजे कधीही बंद न होणारा संगणक. वरच्या मजल्यावर पेशंटच्या डोळ्याच्या आतले फोटो काढले, की ते त्यात साठतात. काचबिंदूचं सगळं या फोटोंवर चालतं. दोन वर्षांपूर्वीची नस आणि आजची नस शेजारी-शेजारी ठेवून डॉक्टरबाई बघतात, मगच औषध बदलतात.

एका मंगळवारी त्यातली हार्ड डिस्क गेली. आठवड्यातून एकदाच दुसरीकडे नक्कल व्हायची, त्यामुळे सहा दिवसांचे फोटो गेले ते गेलेच. ताईंनी एकेका पेशंटला स्वतः फोन करून परत बोलावलं. त्यात एक निवृत्त मास्तर होते. मधल्या काळात त्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "आजचा फोटो घ्या हो. पण ऑपरेशनच्या आधीचा डोळा मी आता कुठून आणू?"

त्या दिवशी ताईंचा डबा न उघडताच घरी गेला.

दवाखान्याचे संगणक बघणारा माणूस नवी डिस्क बसवून गेला. "यंत्रच ते, ताई. नशिबाचा भाग," म्हणाला. चौदा महिन्यांनी तीही गेली. आता नक्कल रोज होत होती, म्हणून नुकसान असं काही झालं नाही. पण ताईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पहिली डिस्कही चौदा महिन्यांच्या आसपासच गेली होती.

"नशीब इतकं वक्तशीर असतं होय?" त्यांनी मला विचारलं.

तिसरी डिस्क त्याच जातीची आली, तेव्हा ताईंनी नर्सकडून स्टेथोस्कोप मागून आणला. दुपारच्या सुट्टीत सर्व्हरचं झाकण काढलं, जमिनीवर मांडी ठोकली आणि नळी हलकेच डिस्कला टेकवली. नर्स दारातून म्हणाली, "काय ताई, दम लागलाय का त्याला?"

"गप गं. मोजू दे."

मग मलाही ऐकवलं. एक सलग घरघर होती. मधेच टक्. जरा वेळाने दुसरा टक्, किंचित वेगळ्या सुराचा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तीच जोडी. मी म्हटलं, चालायचंच, यंत्र आहे, आवाज करणारच. ताई म्हणाल्या, "पण काम नसताना कशाला?"

त्यांनी संगणकवाल्याला बोलावून घेतलं आणि पिच्छाच पुरवला. शेवटी त्याने सांगितलं, की डिस्क स्वतःबद्दलच्या नोंदी स्वतःच ठेवते. मेलेली दुसरी डिस्क अजून कपाटात होती. ती फोटो देत नव्हती, पण आपल्या नोंदी तेवढ्या दाखवत होती. पडद्यावर एका ओळीपुढे आकडा होता अकरा लाखांच्या वर. ही डिस्क बनवणाऱ्यांनी त्या ओळीसाठी सांगितलेली मर्यादा होती तीन लाख.

गोष्ट अशी होती. डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि तिच्यावर लिहिणारी-वाचणारी सुई तरंगते. ही डिस्क घरगुती वापराची. आठ सेकंद काम नसलं, की वीज वाचवायला ती सुई बाजूला नेऊन ठेवायची. आणि आमचा सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ लिहायचा, 'मी चालू आहे' एवढीच. ती लिहायला सुई पुन्हा आत. पडद्यावरचा आकडा याच खेपांचा होता. झोप लागतेय तोवर कुणीतरी हलवून विचारायचं, 'झोपलीस का?'

"म्हणजे आपण हिला बसूही देत नाही आणि नीट कामही देत नाही," ताई म्हणाल्या. "नुसती ऊठबस!"

संगणकवाल्याने डोकं खाजवलं. "मारलं यानेच असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, ताई. पण झीज तर होणारच."

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढची डिस्क निवडायचं काम ताईंवरच सोपवलं. मग काय! ताई दुकानदारांना फोन करायच्या आणि मला पलीकडून सगळं ऐकू यायचं. "ती सतत चालण्यासाठी बनवलीय का? सुई किती वेळाने बाजूला जाते? आणि आतले माहिती लिहायचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले तर नाहीत ना?" हे तिसरं त्या कुठेतरी वाचून आल्या होत्या. तशा डिस्कमध्ये माहिती जास्त मावते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि काम रेंगाळतं. एक दुकानदार म्हणाला, "बाई, एवढं तर मुलगी देतानाही कुणी विचारत नाही."

"म्हणूनच पस्तावतात," ताई म्हणाल्या.

हजारो डिस्क एकत्र चालवणाऱ्यांचे अहवाल त्यांनी वाचून काढले. चांगली कंपनी, वाईट कंपनी असं काही सरळ निघेना. एकाच कंपनीची एक जात टिकाऊ, तर दुसरी रडकी. शेवटी त्यांनी सतत चालणाऱ्या जातीच्या तीन डिस्क घेतल्या, तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून आणि वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या. एकाच घाण्यातल्या घेतल्या आणि तो घाणाच बिघडलेला असला तर सगळ्याच एकदम जायच्या, हा त्यामागचा विचार. लगेच बसवल्या नाहीत. आठवडाभर तिघींना नुसतं लिहायला आणि वाचायला लावलं.

पाचव्या दिवशी त्यांतली एक बिघडली. सगळ्यात जास्त वर्षांची हमी असलेली!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग एवढं निवडून उपयोग काय झाला?"

ताई जरा ओशाळल्या, पण गडबडल्या नाहीत. "निवडून धोका कमी होतो, मॅडम. जात नाही. ही इथे टेबलावर गेली, फोटो पोटात घेऊन गेली नाही, हाच उपयोग." दुकानदाराने ती निमूट बदलून दिली. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच फोटो, तिसरी तयारीत, आणि रोजची नक्कल वेगळ्या इमारतीत, अशी व्यवस्था लागली.

चार वर्षं काही झालं नाही. पाचव्या वर्षी एका सकाळी अकरा वाजता त्यांतली एक गेली. ताईंनी ती काढून तिसरी बसवली. वर तपासणी चालूच होती, कुणाला पत्ता लागला नाही. त्या फक्त माझ्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर मागायला आल्या. गेलेली डिस्क उघडून बघायची होती. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर तिला लागेना, स्क्रू चांदणीच्या आकाराचे. मी हातातला चष्मा बाजूला ठेवून हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि तसला घेऊन आलो.

झाकण निघालं. आत आरशासारखी तबकडी, एक ओरखडा नाही. सुईही जागच्या जागी.

"मग ही कशाने गेली?" मी विचारलं.

ताई कितीतरी वेळ तबकडी उजेडात तिरकी करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं ते मोठं भिंग द्या बरं जरा."