नवा जिल्हा, जुनी जीप

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते धुळीसारखे अंगावर बसत जातात, आणि निवृत्तीनंतर कोणी चहाला बसवलं की झटकले जातात. माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकट्या डॉक्टर पटण्यांच्या जीपचे आहेत. बायको म्हणते, "आपल्या लग्नातलं एवढं आठवत नाही तुम्हाला!" खरंच आहे. लग्न एकदाच झालं, जीप रोज ढकलावी लागायची!

*

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाटी आली, टेबलं आली, शिक्के आले. आमच्या खात्याची जीप मात्र कागदावर आमची आणि उभी जुन्या जिल्ह्यात! शिवराज पटणे आमचे पशुवैद्यक आणि मी कांबळे, त्यांचा ड्रेसर. म्हणजे जनावर धरणारा, औषध पाजणारा आणि वेळप्रसंगी लाथ खाणारा. आम्ही दोघं बॅग घेऊन एसटीनं फिरायचो.

त्यात दुष्काळ. पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन एका वाडीत बैलाला किराळ लागला. ही विषबाधा तासाभराचा खेळ असते. इंजेक्शन आमच्या बॅगेत होतं, पण एसटी फाट्यावर सोडते आणि वाडी तिथून सहा किलोमीटर. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा बैल गेला होता.

मालक रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आम्हाला सावलीत बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाला, "एवढ्या उन्हात आलाव साहेब, हेच लई हाय."

परतीच्या एसटीतून लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "कांबळे, पुन्हा असं गूळ-पाणी मला नको. जीप घ्यायची."

*

आता जीप घ्यायची म्हणजे कळायला तर हवी! आमच्यापैकी कोणीही सायकलपेक्षा मोठं वाहन विकत घेतलेलं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी सोबत घेतले माणिकमामा. मामा हाळीच्या बाजारात जनावरांचे दलाल. मामांचं म्हणणं सरळ होतं, "चार पायाचं घ्या न्हाईतर चार चाकाचं, घ्यायची रीत एकच!"

धर्माबादला एका आडत्याकडं मिल्ट्रीच्या लिलावातली जीप होती. मामांनी तिला दोन चकरा मारल्या. पुढच्या चाकामागं हात घालून सांधे चाचपले. मग म्हणाले, "चालवून दावा." आडत्यानं हँडल मारून ती सुरू केली आणि अंगणात चालवून दाखवली. मामा म्हणाले, "आता मागं सारा. मागं सरत न्हाई ते जनावर खोडीचं असतंय."

आडत्यानं गिअर बराच वेळ ढवळला. जीप हलेना. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "इंजन बागुंदी, एकदम झकास हाय! मागं जायची आजपर्यंत गरजच पडली न्हाई मला!"

माझी तर खात्री झाली, आता मामा उठणार. पण मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आडत्याचा आणि स्वतःचा हात त्याखाली घातला, आणि दोघं बोटांनी बोलायला लागले. पाच मिनिटांत व्यवहार झाला. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "कांबळे, जीप माझी, पण ती कितीला घेतली हे मला शेवटी कळणार!"

*

निघताना आडत्याच्या बायकोनं बॉनेटवर हळदकुंकू लावलं. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्यात आडत्यानं सीटखालचं हँडल काढलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागला घरात!

डॉक्टर म्हणाले, "अहो, ते हँडल..."

मामांनी डॉक्टरांचा हात दाबला. "अप्पा, दावं मागत नसत्यात! जनावर इकलं तरी मालक दावं घरातच ठेवतो. दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाती." आम्ही दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या. जनावरांच्या दवाखान्यातली माणसं आम्ही, ही रीत आम्हाला नवी नव्हती.

इंजिन चालूच होतं, म्हणून नायगावपर्यंत झोकात आलो. नायगावला चहाला थांबलो आणि डॉक्टरांनी सवयीनं इंजिन बंद केलं. बॅटरीत जीव नव्हता. हँडल धर्माबादला, लक्ष्मीपाशी!

तिथून पुढं नांदेड जिल्ह्यात चढ कुठं आहेत आणि उतार कुठं, हे मला कायमचं पाठ झालं. कंधारच्या अलीकडं तिसऱ्यांदा ढकलताना मामा थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता आडत्याला शिव्या देणार. पण मामा कळवळून म्हणाले, "त्याचं काय चुकलं न्हाई अप्पा. घेणाऱ्यानं आपलं दावं आपण न्यायचं असतंय. मी इसरलो!"

*

लातूरला गंजगोलाईच्या मागं गफूरभाई मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी आठ दिवस जीप उघडून ठेवली. गिअरबॉक्स एका गाडीचा, रेडिएटर दुसरीचा, हूड मालट्रकवरच्या ताडपत्रीचं. डॉक्टरांनी भीत भीत विचारलं, "गफूरभाई, यात मूळची गाडी किती राहिली?"

गफूरभाई म्हणाले, "डाक्टरसाब, अब ये गाडी नै रही. अब ये खानदान है!"

*

त्याच खेपेला डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गाडी उंच करा. बैलगाडीच्या चाकोरीत पोट घासायला नको." गफूरभाईंनी स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घातले, मोठे टायर बसवले आणि गाडी अशी उंच केली की बुटक्या डॉक्टरांना चढताच येईना! वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळींनी, घरातला एक लाकडी पाट दिला. गाव आलं की मी आधी पाट खाली ठेवायचो, मग त्यावर डॉक्टर उतरायचे, मग पाट काखेत मारून मी मागं.

आठवडाभर सगळीकडं एकच प्रकार घडायला लागला. जनावर तपासून झालं की घरात ताट वाढलेलं! नको म्हटलं तरी माणसं ऐकायची नाहीत. एका घरात तर समोरून शेजारणीकडं पीठ मागायला गेलेली पोरगी आम्ही पाहिली. डॉक्टरांचा घास हातातच राहिला. त्यांनी घरमालकाला विचारलं, "खरं सांगा, आमच्यासाठी एवढं कशाला करून राहिलात?"

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी घरून पाट घेऊन येताव. जेवायची आस धरून आल्याला माणूस उपाशी कसा धाडावा?"

डॉक्टरांनी त्या रात्री जेवण केलं नाही, असं वहिनी सांगत होत्या. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी ते गफूरभाईंच्या दारात उभे. दुपारपर्यंत जीपला लोखंडी पायरी बसली, आणि पाट पुन्हा घरात गेला.

*

जीपला एक वाईट खोड होती. ती पाणी फार प्यायची. दुष्काळात हे म्हणजे भलतंच! डॉक्टर घरून डबा भरून आणायचे. वहिनी म्हणायच्या, "घरात माणसं दोन, पण पाणी तिघांचं लागतंय."

एकदा उदगीरकडच्या रस्त्याला डबा संपला आणि एका गावाच्या वेशीतच जीप वाफा सोडत थांबली. नेमका टँकर आलेला, बायकांची ही एवढी रांग. मी रिकामा डबा घेऊन उभा राहिलो, पण मागायला तोंड उघडेना. एका ठसक्याच्या बाईनं मला हेरलं.

"माणसाला पाणी न्हाई अन् तुमच्या डबड्याला पायजे?"

मी म्हटलं, "राहू द्या, मावशी."

"कुठं निघालाव पण?"

मी पुढच्या तांड्याचं नाव सांगितलं. म्हशींना लस टोचायची होती. बाईनं एकवार जीपकडं पाहिलं. मग कमरेवरची घागर वाकडी करून तिनं माझ्या डब्यात पाणी ओतलं. तिचं बघून मागच्या बायका एकेक तांब्या ओतायला लागल्या. मी नुसताच हात जोडत होतो.

ती बाई वस्सकन म्हणाली, "हात कशाला जोडताव? गाडीला देऊन न्हाई राहिलो. म्हशीला देऊन राहिलो!"

*

खरा किस्सा मात्र तावरजा नदीपलीकडच्या वस्तीवरचा.

तिथं मुक्ताबाई एकटी राहायची. नवरा ऊसतोडीला गेलेला. तिची लाल कंधारी गाय आठ महिन्यांची गाभण होती आणि सकाळीच गोठ्यात बसली ती उठेना. दुष्काळात वाळलेली गाय एकदा बसली की आपणहून सहसा उठत नाही. पडल्या पडल्या एक-दोन दिवसांत तिचे पाय जातात आणि मग गायही जाते. निरोप मिळाला तसे आम्ही निघालो. कोरड्या नदीची वाळू जीपनं पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत पार केली. तासाभरात आम्ही दारात होतो! डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाले, "कांबळे, या वेळी आपण वेळेवर आलोत."

सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. आता गायीला उभं करायचं होतं. पोत्यांची झोळी तिच्या पोटाखालून घातली. एका बाजूला लिंबाच्या फांदीला दोर बांधला. दुसऱ्या बाजूला बांधायला काहीच नव्हतं. झाड एकच, आणि गोठ्याच्या मेढी वाळवीनं खाल्लेल्या. डॉक्टरांनी जीप अंगणात घेतली, गायीच्या कडेला लावली आणि दोर हुडाच्या लोखंडी कमानीला बांधला. वस्तीवरच्या पाच-सहा माणसांनी ओढ दिली. गाय उठली. पाय थरथरत होते, पण जमिनीला टेकले.

मुक्ताबाईनं तिच्या तोंडाशी पाणी धरलं. गाय प्यायली. मुक्ताबाई रडली आणि मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर तिला समजावत होते, "दिवसातून तीन-चार बार असंच उभं करायचं. दमली की दोर ढिला सोडायचा, बसू द्यायचं. सात-आठ दिवसांत आपल्या पायावर उभी ऱ्हाईल."

मुक्ताबाई म्हणाली, "हाव." मग तिनं झाडाकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारलं, "पर साहेब, तुमी आता गाडी नेणार न्हाई का?"

डॉक्टर जीपपाशी गेले. कमानीचा दोर ओढून पाहिला, गाठ आणखी एकदा आवळली. चारी चाकांना दगड लावले. मग मागच्या सीटवरची औषधांची बॅग उचलली आणि मला म्हणाले, "चला कांबळे. पाचची एसटी सापडंल."

नदीची वाळू तुडवत, फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. एसटी आली. कंडक्टर आमचा जुना ओळखीचा. डॉक्टरांना पुन्हा बॅग घेऊन चढताना बघून त्याला हसू आवरेना.

"काय डॉक्टरसाहेब? एवढ्या हौसेनं घेतली जीप, कुठं गेली?"

डॉक्टरांनी बॅग मांडीवर घेतली, खिडकीशी सरकून मला जागा केली आणि म्हणाले,

"ड्युटीवर हाय. दोन लातूर द्या."