पुकारामामांची अकरा नावं

पडद्यावर माणूस दिसला आणि त्याचं नाव कुणी सांगितलं नाही, तर पुकारामामांना चैन पडत नसे. शेवगावच्या बाजूला बाजारच्या गावी तंबूतला सिनेमा लागायचा, तिथे ते मशीन चालवत. चित्रपट सुरू असताना मागून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "ह्यो हिरोचा चुलता. ह्याच्याव नजर ठिवा." एखादा टांगेवाला घटकाभर दिसून गेला तरी ते त्याला सोडत नसत. "ह्यो सखाराम. कोपरगावचा हाय, पोटासाठी मुंबैला गेलाय." लोक हसत, आणि मग उरलेला चित्रपटभर सखारामची वाट पाहत. कोर्टातला शिपाई पक्षकारांचा पुकारा करतो तसा हा माणूस पडद्यावरच्यांचा करतो, म्हणून कुणीतरी त्यांचं नाव पुकारामामा ठेवलं आणि तेच राहिलं.

टांगेवाल्याचं नाव तुम्हाला कुठून कळलं, असं मी एकदा त्यांना विचारलं. म्हणाले, "ठाऊक नसंल तर ठिवायचं. बिननावाचं मानूस म्हंजी बेवारस." मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. कविता, कला, सौंदर्य यांवर मी तासन् तास बोलू शके. मामांच्या लेखी मी फक्त मास्तर होतो. त्याचाही मला थोडा राग होताच.

मिशनच्या दवाखान्यातला एक परदेशी डॉक्टर मायदेशी परतताना आपला चावीचा छोटा कॅमेरा, घरगुती प्रोजेक्टर आणि चार कोरी रिळं मामांना देऊन गेला होता. ती रिळं मामांनी दोन वर्षं जपून ठेवली. लग्नासाठी लोकांनी मागितली, एका पुढाऱ्यानं सत्कारासाठी मागितली, मामांनी कुणाला दाद दिली नाही. मग तो मोठा दुष्काळ आला. मामांच्या गावची विहीर तळाला गेली आणि त्यांनी चारही रिळं त्या विहिरीवर खर्ची घातली. तळाशी एक झरा होता. एका वेळी एकीनंच खाली उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, वर यायचं, मग दुसरीनं जायचं, असा बायकांनीच नेम घातला होता. अशा अकरा जणी. चित्रपट मुका, पंधरा मिनिटांचा. फिल्म मुंबईहून धुऊन आणण्याचं काम मी केलं. माझा वाटा एवढाच, हे आता स्पष्ट लिहून ठेवतो.

कॅमेऱ्याची चावी देण्याआधी मामा प्रत्येकीला नाव विचारत. कुणी म्हणे अमक्याची आई, कुणी म्हणे तमक्याची कारभारीण. मामा ऐकत नसत. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, त्यानंतर ते कुणीच घेतलं नव्हतं. गावात चावडीच्या भिंतीवर चित्रपट दाखवला तेव्हा मामांनी एकेकीचा पुकारा केला आणि अंधारातून एकेक बाई "हाय" म्हणाली. म्हातारीचं नाव आल्यावर तिचे नातू तिच्याकडे बघतच राहिले.

त्याच सुमारास कोकणातल्या एका मच्छीमार गावाचं पत्र माझ्याकडे आलं. तिथल्या वाचनालयाच्या तरुणांनी छोट्या चित्रपटांचा मेळावा भरवला होता. ज्यानं स्वतःच्या हिमतीवर चित्रपट केला असेल त्यानं तो घेऊन यावा, राहण्याजेवण्याची सोय गाव करील. आम्ही निघालो तेव्हा त्या अकरा जणी एस.टी.पाशी आल्या. समुद्रापाशीही आमची नावं घ्याल का, असं म्हातारीनं विचारलं आणि मामांनी शब्द दिला.

मामांनी समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मग म्हणाले, "येवढं पानी आन् पेता येत न्हाई. त्यापरीस आपली हीर बरी." वाळूत दोन बांबू रोवून त्यांना होडीचं धुतलेलं शीड ताणलं होतं, तोच पडदा. गावातली बाया-माणसं वाळूवर बसणार होती आणि पुढे खुर्च्यांची एक रांग होती, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी. ती रांग पाहिली आणि माझी मती फिरली.

दुपारी मी मामांना सांगितलं की, इथे जाणकार मंडळी आहेत, तुमची भाषा त्यांना झेपायची नाही; तुम्ही मशीन सांभाळा, बोलायचं मी बघतो. खरं म्हणजे मला त्यांच्या 'हाय-न्हाई'ची लाज वाटत होती. आपण अशा माणसाबरोबर आलो आहोत असं त्या खुर्च्यांना दिसू नये, एवढंच मला हवं होतं. मी रात्र जागून लिहून आणलेली चार पानं दाखवली. मामांनी फक्त एक विचारलं, "त्यात नावं हायेत ना?"

मी म्हणालो, आहेत.

संध्याकाळी शिडावर विहीर उमटली. मी वाचू लागलो. तहान, मृत्तिका, मातृत्व, युगायुगांची वेदना, काय काय होतं त्या पानांत. वाऱ्यानं शीड हलत होतं. म्हातारी वाटीनं हंडा भरू लागली तेव्हा वाळूवरून एका कोळणीनं मोठ्यानं विचारलं की, ही आजी कोण? साधा प्रश्न होता. जिला पाण्याचा धंदा कळतो अशा बाईनं दुसरीची केलेली चौकशी होती. मी कागद चाळला. नाव तिथे नव्हतंच, आणि चावडीवर ऐकलेलं मला आठवेना. मशीनपाशी मामांनी तोंड उघडलं. मी हातानं त्यांना गप्प राहण्याची खूण केली आणि पुढचं वाक्य वाचलं, "ही कोणी एक नव्हे, ही भारतीय स्त्री आहे."

खुर्च्यांतून टाळ्या आल्या. मामांनी तोंड मिटलं आणि मग पूर्ण चित्रपट संपेपर्यंत ते खाली मशीनकडेच पाहत राहिले. नंतर पाहुण्यांनी मला शाल दिली. चित्रपट मामांचा आहे, असं मी बोललो नाही असं नाही. पण "आमच्या भागातले एक हौशी गृहस्थ" एवढंच बोललो. नाव घेतलं नाही. हे लिहितानाही कान तापतात.

परतीच्या एस.टी.त मामा पुण्यापर्यंत रिळांचा डबा मांडीवर धरून बसले. पुण्याच्या स्टँडवर चहा पिताना म्हणाले, "वाचलं तुमी चांगलं, मास्तर. पन त्या बायांना काय सांगू?" मी चहाचे पैसे द्यायला उठलो. माफी मागायला एवढा चांगला प्रसंग पुन्हा आला नाही. तोही मी घालवला.

मामा मला त्यांच्या गावी घेऊन गेले. नको म्हणायचं तोंड नव्हतं. बायका विहिरीपाशीच भेटल्या. मला वाटलं, आता हा माणूस माझी शोभा करणार, आणि ती माझ्या कर्माची होती. म्हातारीनं विचारलं, नावं घेतली का? मामा म्हणाले, "घेतली की. म्या न्हाई, मास्तरांनी सोता घेतली. सगळ्यांची."

"माझं कोनतं घेतलं?" तिनं मला विचारलं.

माझ्या आधी मामाच म्हणाले, "माह्यारचं."

म्हातारी हसली. तिनं आपल्या हंड्यातलं पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे धरलं. तेवढं पाणी जमवायला त्या काळी किती वेळ लागायचा, ते मी चित्रपटात पाहिलं होतं. नाही म्हणावं तर तिचा अपमान होता. मी ते पाणी प्यालो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण खोटं प्यालो ते तेवढंच.

निघताना मामांनी चारही रिळांचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमीच ठिवा. मला आता ह्यो दाखवता याचा न्हाई, जीभ अडंल." ज्या माणसानं सखारामलाही बेवारस होऊ दिलं नाही, त्याला मी स्वतःच्याच चित्रपटापुढे मुकं केलं होतं. पुढे तंबूतला सिनेमा बंद झाला, मामा थकले आणि एका पावसाळ्यात गेले. मातीला मी गेलो होतो, पण त्यांच्या मुलानं ओळख विचारली तेव्हा मला धड सांगता आली नाही.

डबा माझ्याकडे आहे. निवृत्तीनंतर एका तरुण मुलीनं ती फिल्म मागून घेतली, नीट साफ केली आणि माझ्या घरच्या भिंतीवर लावून दाखवली. वही-पेन घेऊन बसली होती. एकेक बाई विहिरीत उतरू लागली तशी ती विचारू लागली, सर, ही कोण? मग ही? ही म्हातारी कोण? अकरा वेळा तिनं विचारलं, आणि अकरा वेळा मी सांगितलं की, मला माहीत नाही.