फुंकणीबाईंचा दम

धाकटीने थोरल्या जावेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतरच्या दुसऱ्याच सकाळी. गाल फुगवून, डोळे मिटून थोरली एका नळीत जीव खाऊन फुंकत होती. नवी नवरी घाबरलीच. थोरलीने आकडा टिपला आणि म्हणाली, "यंत्र तपासतेय गं. मला काही झालेलं नाही."

थोरली सरकारी आरोग्य पाहणीत कामाला होती. कारखान्यामागच्या गल्ल्यांत घरोघर जाऊन माणसांचा दम मोजायचा. निघण्याआधी स्वतः फुंकून यंत्राची खात्री करायची, हा तिथला शिरस्ता. वस्ती तिला फुंकणीबाई म्हणे. थोरलीचे यजमान तर म्हणायचे, हिची फुंकर सरकारजमा, घरात उरतो तो नुसता उसासा.

वर्षं गेली. लोक दारात अडवून विचारत, आमच्या फुंकरीचं काय झालं, करातला पैसा आमचाच ना? ती कार्यालयात खेटे घाली. साहेब म्हणत, अभ्यास चालू आहे, माहिती बाहेर देता येत नाही. तेच उत्तर दारोदार सांगून ती इतकी थकली, की पुढे आडरस्त्याने घरी येऊ लागली. सकाळचा तिचा आकडाही उतरत चालला होता. साहेबांनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं, मग दुसरं आणलं, मग तिसरं.

ती निवृत्त झाल्यावर कधीतरी ती माहिती इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. धाकटी शाळेत गणित शिकवायची. तिने संगणक लावला. शेजारी जमले. पण नावं, घरं, गल्ल्या, सगळं काढलेलं. शिंपीकाका म्हणाले, "लग्नाला बोलावलं, पत्ता काही दिला नाही." एकेक जण उठून गेला.

धाकटी मात्र बसून राहिली. एका रकान्यात यंत्र तपासणीचे आकडे होते, सगळे एकाच माणसाचे. तिने कागदावर रेघ काढली. यंत्र बदललं तरी रेघ खालीच जात होती, आणि वयाच्या मानाने फारच भराभर.

"ताई, यंत्रं बिघडली नव्हती हो."

थोरलीने रेघेवरून बोट खाली नेलं. "एवढ्या लोकांत सापडले ती मीच होय," ती म्हणाली, आणि चष्मा पुसू लागली.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेला दम परत येत नाही. हे चार-पाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

आता थोरली तळमजल्यावर राहते. चहाला वर धाकटीकडे जायचं तर जिन्याच्या वळणावर थांबते. धाकटीने तिथे स्टूल ठेवलं आहे.