तुरटीचा खडा

आमच्या डहाणूच्या घरात मी मोठी सून, तलासरीच्या शाळेत शिक्षिका. धाकटी जाऊ घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जायची. चिकाने हात काळे करून यायची, पण हसत यायची. सासूबाई तिच्याच हातचा चहा मागायच्या. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी पोटातून. तिच्यापेक्षा माझ्याकडे जास्त अशी एकच गोष्ट होती, स्वच्छता. पांढरं जायला लागल्यापासून मी रोज तुरटीच्या पाण्याने आतून धुवायचे आणि तिलाही ते मिरवून सांगितलं होतं.

२०१७ साली बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. आम्ही दोघी गेलो. तिचा रिपोर्ट साफ आला. माझ्यात जंतूंचं प्रमाण बिघडलेलं निघालं, वर तो विषाणूही, ज्याने पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. मी जळफळले. काळे हात तिचे आणि दुखणं मला?

डॉक्टरबाईंनी मला एकटीला बसवून समजावलं. "हा विषाणू संबंधातून येतो, पुष्कळांना येतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. पण आतले चांगले जंतू विरजणासारखे असतात. रोज धुऊन ते घालवले, तर तो रेंगाळू शकतो. तुरटी बंद. औषध घ्या आणि वर्षाने परत या."

घरी जावेने विचारलं, "काय म्हणाल्या हो, ताई?"

"काही नाही, गोळ्या दिल्यात."

दोन महिन्यांनी न्हाणीत तिच्या साबणाशेजारी तुरटीचा खडा दिसला. मी तो बघितला आणि दार ओढून घेतलं. होऊ दे तिलाही, असं वाटलं मला. खोटं कशाला सांगू?

वर्षाने परत तपासणी झाली. रिपोर्ट आणायला एकटीने जायचा मला धीर होईना, म्हणून ती कामावर खाडा करून सोबत आली. विषाणू गेला होता. परतताना रिक्षात तिने माझा हात धरला, डोळे तिचेच भरले होते. मग हळूच म्हणाली, "देव पावला, ताई. मीपण तुमच्यासारखी रोज तुरटीच्या पाण्याने धुते. पण हल्ली वास येतो, खाजपण सुटते. दोनदा धुवू का?"

मी रिक्षा वळवायला सांगितली.

"अहो, कुठे?"

"डॉक्टरबाईंकडे. आणि तुला एक सांगायचंय. वर्षभर लपवलंय मी."

तिने हात सोडला नाही. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.